रेवाची पिल्लं

रेवाला पिल्लं होऊ द्यायची असं मी ठरवलं, तेव्हा तिच्या आईवडिलांविषयी मला काहीच माहीत नव्हतं. ती ऐन तारुण्यातली लॅब्रॅडोर. तिचं पहिलं कुटुंब परदेशी निघालं म्हणून आमच्याकडे आली. सोबत लसीकरणाचं कार्ड होतं, केनेल क्लब ऑफ इंडियाचे (केसीआय) वंशावळीचे पेपर नव्हते. ‘शोधून पाठवतो,’ असं ते म्हणाले आणि मीही मागे लागले नाही. कुत्री शांत, देखणी, मुलांवर जीव टाकणारी. तिच्यासारखंच पिल्लू नातेवाइकांना हवं होतं. ‘एकदा तरी पिल्लं होऊ दे, मादीच्या तब्येतीला ते चांगलं असतं,’ असं सोसायटीत जो तो सांगायचा. डॉक्टरांना विचारायच्या आधीच मी पिल्लांचे शब्द देऊन बसले होते.

रेवा सकाळी उठताना वेळ घ्यायची. जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायची. घर नवीन आहे, वजन वाढलंय, अशी कारणं माझी मीच काढली. मेटिंगसाठी ओळखीतला एक लॅब्रॅडोर नर मिळाला. बदल्यात त्याच्या मालकांनी एक पिल्लू मागितलं, मी हो म्हटलं. त्याच्या सांध्यांचा एक्स-रे कधी काढलाय का, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

पिल्लं सुखरूप झाली, चांगल्या घरी गेली. त्या आनंदात आपण काही चुकीचं केलंय असं वाटायला जागाच नव्हती. पुढे मावसबहिणीकडचं पिल्लू वर्षाचं व्हायच्या आतच लंगडायला लागलं. भूल देऊन एक्स-रे काढला, तेव्हा हिप डिसप्लेसिया निघाला. यात खुब्याचा खळगा उथळ राहतो, मांडीच्या हाडाचं टोक त्यात नीट बसत नाही. सैल सांधा घासत राहतो आणि पुढे संधिवात जडतो. मग रेवाचाही एक्स-रे काढला. तिचे दोन्ही खुबे तसेच होते. ‘ताई, हे मेटिंगच्या आधी बघायचं असतं,’ एवढंच डॉक्टर म्हणाले.

हा दोष एकाच जनुकातून येत नाही. वाढत्या वयातलं जास्तीचं वजनही त्यात भर घालतं, आणि निरोगी खुब्यांच्या जोडीलाही कधी असं पिल्लू होतं. पण मी हा धोका जाणूनबुजून पत्करला नव्हता, मी त्याची चौकशीच केली नव्हती. माझ्या हौसेची वेदना त्या पिल्लाच्या वाट्याला आली. बाकीच्या घरांना फोन करून हे सांगणं जड गेलं. काही जण रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता.

दुसऱ्या घरातून आलेल्या कुत्रीची पिल्लं काढावीत का, असं आता कोणी विचारलं, तर मी आधी कागद मागते. आईवडील कोण, मायक्रोचिप आहे का, आधीचे डॉक्टर कोण, पूर्वी पिल्लं झाली होती का? वंशावळ माहीत नसेल, तर नर तिच्याच रक्ताचा निघण्याचीही शक्यता असते. लॅबच्या बाबतीत खुबे, कोपर आणि डोळे तपासावेत. खुब्यांचा भरवशाचा निकाल दोन वर्षांचं वय झाल्यावर मिळतो. नर-मादी दोघांचीही ब्रुसेला या जिवाणूंच्या संसर्गासाठी चाचणी हवी. विक्रीसाठी पिल्लं काढायची, तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी किमान १८ महिन्यांची असावी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

यातलं काही मिळत नसेल, तर नसबंदी करावी. एकदा पिल्लं होणं मादीच्या तब्येतीला गरजेचं असतं, या समजुतीला आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

रेवाची नसबंदी मी नंतर केली. वजन आटोक्यात ठेवणं, गुळगुळीत फरशीवर चटया, रोजच्या गोळ्या हे आता चालू आहे. ती आमच्याकडे आली त्याच आठवड्यात तिला तपासायला न्यायला हवं होतं, पिल्लांसाठी नव्हे, तिच्यासाठी. तेव्हा नेलं असतं, तर तिचं दुखणं वेळेत कळलं असतं आणि पिल्लांचा प्रश्नही तिथेच सुटला असता.