शंकराभरणम् : स्वर आणि रीत

प्रार्थनागीत रागात बांधले, की 'हे आपले नव्हे' असा सूर धर्मग्रामात कधीकधी उमटतो. तेव्हा मला शंकराभरणम् आठवतो.

हार्मोनियमवर पांढरी एक हा षड्ज मानून केवळ पांढऱ्या पट्ट्यांनी वरच्या षड्जापर्यंत जावे. मिस्साविधीतील कितीतरी गीते या सप्तकावर उभी आहेत. पाश्चात्त्यांचे हे मेजर स्केल, आपला बिलावल थाट आणि कर्नाटक संगीताच्या ७२ मेळांतील २९ वा, धीरशंकराभरणम्.

मुत्तुस्वामी दीक्षितरांनी (निधन १८३५) युरोपीय धुनांवर याच स्वरांत संस्कृत देवस्तुती रचल्या. उलट, मायावरम येथील कॅथलिक मुन्सफ वेदनायकम् पिळ्ळै (१८२६–१८८९) यांनी कर्नाटक रागांत तमिळ कीर्तने लिहून ईश्वराला आळविले. या देवाणघेवाणीत कोणाचीही श्रद्धा उणावली नाही.

तरीही शंकराभरणम् म्हणजे निव्वळ मेजर स्केल नव्हे. तेथे कित्येक स्वर पट्टीसारखे स्थिर राहत नाहीत. गमकाने आंदोलत शेजारच्या स्वराला स्पर्शून येतात. राग घडतो तो या चालीतून.

स्वर सर्वांना सारखेच लाभले. त्यांना बोलते करण्याची रीत मात्र ज्या त्या मातीची. आपल्या मातीची ती रीत वेदीपाशी नेणे, हेही अर्पणच आहे.