सावकाश बुडणारी लाइन

इंग्लंडातल्या रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयावर गळ टाकणाऱ्याने तरंगणाऱ्या लाइनच्या जोडीला दुसरी कोणती घ्यावी, हा वाद आमच्या घरात दोन आठवडे चालला. (आमच्या म्हणजे लेकीच्या. मी तिथे पाहुणी.) जावईबापूंचे मत झपाट्याने बुडणाऱ्या लाइनला होते. माझे मत कुणी विचारले नव्हते, पण शिक्षिका निवृत्त झाली म्हणून गप्प बसते थोडीच!

आपल्याकडे गळाला शिसे बांधतात, म्हणून तो लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसादोऱ्याची खोटी माशी, तिला वजनच नाही. म्हणून वजन लाइनला असते आणि माशी तिच्यामागून जाते. लाइनच्या प्लास्टिक लेपात सूक्ष्म पोकळ गोळ्या घातल्या की ती तरंगते, टंगस्टनची पूड घातली की बुडते. ‘इंटरमीडिएट’ ही पाण्याहून किंचितच जड, सेकंदाला साधारण दीड इंच उतरणारी. जावईबापूंची सात इंच. पूर्वी रेशमी लाइनला ग्रीस लावून तरंगवत. ग्रीस न लावलेली अशीच हळूहळू बुडे. म्हणजे कल्पना जुनीच.

तळ्याला ‘स्थिर पाणी’ म्हणतात ते नदीच्या मानाने. वारा सुटला की तरंगणाऱ्या लाइनला बाक येतो आणि माशी फरफटते. इंटरमीडिएट लाटांखाली शिरते, आणि ओढताना माशी वर न चढता बरीचशी एकाच पातळीवर चालते. तिथे बझर नावाचे, डासासारखे पण न चावणारे किडे असतात. ते कोशात असताना संथपणे वर येतात आणि ट्राउट त्यांना वाटेतच गाठतो. तिथे घाई काय कामाची? मासे वीस फुटांवर गेले की मात्र जावईबापूंचे खरे, हे कबूल. उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या कडेला तरंगतीच बरी.

खोली सेकंद मोजून ठरवायची. पाच फुटांना जावईबापूंच्या लाइनला नऊपर्यंत मोजले की झाले. इंटरमीडिएटला चाळीस. आता माझा अकरा वर्षांचा नातू. त्याचे मराठी अंक दहाला संपतात. आई मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. माझे इंग्रजी त्याच्या वेगाला पुरत नाही. त्यामुळे आम्हा दोघांत बोलणे असे फारसे नव्हतेच. मी इंटरमीडिएटचा हट्ट धरला. जावईबापूंना कारण वाऱ्याचे सांगितले.

सात नंबरचा रॉड, म्हणून लाइनही सात नंबरची घेतली. काठावर खुर्ची टाकून मी मोजते, तो मागून म्हणतो. ‘एकोणतीस’ला तो दर वेळी ‘वीसनऊ’ म्हणतो. माझ्या चौथीच्या वर्गातही तिथेच गाडी अडायची. परवा मोजता मोजताच लाइनला हिसका बसला. मासा सुटला. पण पुढच्या खेपेला तेवढीच खोली हवी, म्हणून आकडा लक्षात ठेवावा लागतो. मी विचारायच्या आत तो ओरडला, “आजी, चौतीस!”