भिंतीवरच्या रेघा

नायगावात घरातले कोणी आजारी पडले की सर्वांत आधी त्याच्या हातातले काम काढून घेतले जाते. माया दाखवण्याची आमची हीच रीत आहे. २०१७च्या ऑक्टोबरात माझ्या धाकट्या जावेचे उजवे स्तन आणि काखेतल्या ग्रंथी कर्करोगामुळे काढाव्या लागल्या. ती घरी आली त्या दिवसापासून मी ही रीत अगदी काटेकोरपणे पाळली. घागर उचलू दिली नाही, भाकरी थापू दिली नाही, अंगणात झाडू दिसला तरी मी तो तिच्या हातून ओढून घेत असे.

रविवारची मिस्सा झाली की बायका तिला भेटायला येत. बाजेच्या कडेला बसून पहिले वाक्य हेच, "हात हलवू नको माय, टाके उसवतील." तीही तो हात छातीशी घट्ट धरून बसे. त्यात दुखण्याची भीती होती, तशी पदराआड काही झाकण्याची धडपडही होती. ती मला दिसत होती, पण त्याविषयी आम्ही बोललो नाही. इस्पितळातून निघताना मिळालेल्या कागदांत व्यायामाची चित्रे असलेला एक कागद होता. मजकूर इंग्रजी, आणि तो कोणी समजावून सांगितला नव्हता. मी तो बिलांबरोबर पिशवीत ठेवून दिला. तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईने तो न वाचता ठेवून दिला, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

पुढे दर एकवीस दिवसांनी केमोथेरपी झाली. आठ फेऱ्या संपता संपता एप्रिल उजाडला. मग किरणोपचार सुरू व्हायचे होते. त्यासाठी रुग्णाला पाठीवर निजवून त्या बाजूचा हात डोक्यावर नेऊन आधारावर टेकवतात, म्हणजे छातीवर किरण सोडताना हाताची आडकाठी होत नाही. रोज हात त्याच जागी, त्याच कोनात राहावा लागतो. माझ्या जावेचा हात खांद्यापर्यंतही येईना. तेथल्या मुलीने हलकेच उचलून पाहिला, तेव्हा हिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती बाहेर बाकावर बसलेल्या मला ऐकू आली. डॉक्टर रागावले नाहीत. हात वर गेल्याशिवाय मोजमाप घेता येणार नाही, आणि फार दिवस थांबताही येणार नाही, एवढेच ते म्हणाले. परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. कहाळा मागे पडल्यावर म्हणाली, "अक्का, मला वाटलं जपून ठेवला की हात बरा होईल." तो हात जपला कोणी होता, हे तिने बोलून दाखवले नाही.

ज्या फिजिओथेरपीच्या ताईंकडे आम्हांला पाठवले, त्या वयाने माझ्या विद्यार्थिनींहूनही लहान असाव्यात. त्यांनी सांगितले, की शस्त्रक्रियेनंतर कातडी आणि स्नायू आखडत जातात. म्हणून बोटे, मनगट, कोपर यांची हालचाल पहिल्या एकदोन दिवसांतच सुरू करायची असते, आणि नळी निघाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हात हळूहळू वर न्यायचा असतो. मी विचारले, "घरकामात होतोच की व्यायाम?" त्यांनी उलट मलाच दिवसभराची कामे मोजायला लावली. पीठ मळणे, भाकरी थापणे, झाडणे, भांडी, धुणे, निंदणी. सगळ्यांत हात खाली नाहीतर पुढे. बाईचा हात दिवसभरात डोक्याच्या वर जातो तो फक्त दोरीवर कपडे वाळत घालताना! इतकी वर्षे घरात राबूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

घरी आल्यावर मधल्या खोलीची भिंत आम्ही व्यायामाला घेतली. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे टेकवायची आणि मुंगी चढते तशी ती वर चढवत न्यायची. जिथे थांबतील तिथे मी खडूने रेघ मारून तारीख घालत असे. पहिली रेघ तिच्या हनुवटीपाशी आली. दिवसातून तीनदा, दर वेळी दहा वेळा. ताण बसला तर चालेल, कळ आली तर थांबायचे, असे ताईंचे सांगणे होते. पण ताण कुठे संपतो आणि कळ कुठे सुरू होते, हे तिचे तिलाच ठरवावे लागे. निजून दोन्ही हातांनी काठी धरून डोक्यामागे न्यायचा दुसरा व्यायाम होता. तो तिला मुळीच आवडला नाही. सहाव्या दिवशी रेघ आदल्या दिवसापेक्षा दोन बोटे खाली आली. तिने पदराने ती पुसायला घेतली. मी पुसू दिली नाही, आणि त्यावरून आम्ही दोघी रात्रीपर्यंत बोललो नाही. बाविसाव्या दिवशी हात कानाला लागला.

थकव्यासाठी चालायलाही सांगितले होते. मे महिना, म्हणजे पहाटे पाचलाच निघायला हवे. पण आमच्याकडे बाई काही कामाशिवाय रस्त्याने चालली की चार जण विचारणार, "कुठं निघालात बाई?" त्यात डोक्यावरचे केस गेलेले. तिने तोड काढली. दुधाची किटली हातात घ्यायची. नरसीच्या रस्त्याने अर्धा तास जाऊन यायचे, कोणी विचारले तर दूध आणायला! रिकामी किटली रिकामीच परत येई. २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने कर्करोगाच्या थकव्यावर सुचवलेला व्यायाम साधारण असाच आहे: आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास.

पुढे वाचनात आले, की एके काळी डॉक्टरही अशा स्त्रियांना जड काम वर्ज्य सांगत. हाताला कायमची सूज येईल म्हणून. १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा चोवीस स्त्रियांना लांबट ड्रॅगन होडी वल्हवायला बसवले, आणि सूज वाढली नाही. २००९ साली अमेरिकेत सूज असलेल्याच १४१ स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांच्यातल्या एका गटाला हळूहळू वजने उचलायला लावली, तरी त्यांची सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. परळच्या टाटा रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२२च्या डिसेंबरात मांडला गेला. त्यात एका गटाला योग आणि दुसऱ्याला नेहमीचे व्यायाम दिलेले होते. पडून राहायला कोणालाच सांगितले नव्हते. एके काळी डॉक्टरही माझ्यासारखेच बोलत, हे वाचून मला हायसे वाटले, हे कशाला लपवू?

जावेनेही पुढे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात केली. त्या हातावर रक्तदाब मोजू देत नाही, सुई टोचू देत नाही. हात लाल झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे तिने घरातल्या पोरांनाही पाठ करून दिले आहे. किरणोपचार जूनमध्ये पुरे झाले. तपासणीला ती अजून जाते.

आमच्या दोघींच्या साड्या दोरीवर वाळत घालायचे काम आता तिचे आहे. मी पिळा हातात घेतला, की ती तो ओढून घेते.