ओतीव माणसांच्या गावात

2011 च्या मे महिन्यात बाबांनी बाकावरच्या एका माणसाच्या खांद्यावर बोटाच्या पेरानं हलकेच दोनदा टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "ओतीव आहे. आतून पोकळ."

बाबांचं बालपण पुण्यात, कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलं. तांब्याच्या भांड्याचं मठारकाम पक्कं की कच्चं, हे त्यांना हातोडीच्या आवाजावरून कळायचं. अमेरिकेत ते पहिल्यांदाच आले होते. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आणि एका रविवारी पोहे खाताना मी म्हणाले, "चला, आज हॅमिल्टनला जाऊ या." अर्ध्या तासात आम्ही गाडीत होतो. तेव्हा तेवढं पुरायचं.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून पाऊण तासावर, हॅमिल्टनमध्ये 'ग्राउंड्स फॉर स्कल्प्चर' ही शिल्पबाग आहे. रॉबिन्सव्हिलच्या मंदिरात जाणाऱ्या आपल्या मंडळींना आता तो भाग चांगला माहीत झालाय. जागा 42 एकरांची. पूर्वी इथे न्यू जर्सी राज्याची जत्रा भरायची. शिल्पकार सीवर्ड जॉन्सन यांनी 1974 मध्ये ओतकाम शिकवणारी एक कार्यशाळा काढली आणि पुढे 1992 मध्ये या जत्रेच्या मैदानावर शिल्पबाग उभी केली. त्यांची स्वतःची शिल्पं म्हणजे माणसाच्या मापाची, रंगवलेली ब्राँझची माणसं. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रातली गवतावरची सहल इथे तळ्याकाठी खरोखर मांडलेली आहे. त्या सहलीतली विवस्त्र बाई दिसल्यावर आईनं पदर सावरला आणि ती झाडीतला मोर बघायला निघून गेली. बागेत मोर मोकळे फिरायचे. न्यू जर्सीत मोर पाहून तिला झालेला आनंद मी नायगारालाही पाहिला नव्हता. बाबा मात्र त्या मंडळींजवळ तासभर रेंगाळले. जोड कुठे आहे, झाळलेलं कुठे आहे, हे शोधत होते.

त्यानंतर किती वेळा गेलो, मोजलं नाही. पाहुणे आले की जायचं, कंटाळा आला की जायचं. दारात तिकीट घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत हिंडायचं.

2020 च्या एप्रिलमध्ये बाबा पुन्हा येणार होते, या वेळी एकटे. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. 10 मार्चला सीवर्ड जॉन्सन वारले, 89 वर्षांचे होते. ती बातमी बाबांना फोनवर सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यानंतर 21 तारखेला कोरोनामुळे न्यू जर्सीत घरीच राहण्याचा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. बाबांची भरलेली बॅग पुण्यातच राहिली.

उन्हाळ्यात बाग पुन्हा उघडली, पण तिथे जाण्याची रीत पार बदलली होती. तिकीट आधीच, संगणकावर, ठरावीक वेळेचं. आत मोजकीच माणसं. तोंडावर मास्क, दोन कुटुंबांत सहा फूट अंतर. बंदिस्त दालनं सोडून आम्ही फक्त झाडांखाली फिरलो. फ्रेंच चित्रकार रन्वारच्या नौकाविहाराच्या चित्रातली माणसं खांद्याला खांदा लावून टेबलाशी हसत बसली होती, आणि आम्ही जिवंत माणसं लांबूनच एकमेकांना माना हलवत होतो. चार महिन्यांनी घराबाहेर पडलेल्या माझ्या मुलीनं त्या टेबलाकडे बघून विचारलं, "आई, आपण कधी?" मला रडू आलं.

तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे दहा, तिथे संध्याकाळचे साडेसात. बाकावरचा तो माणूस दाखवला. बाबा म्हणाले, "हात लावून सांग, तापलाय का?"

मी हात लावला नाही. तेव्हा दाराची कडीही आम्ही कोपरानं ढकलत होतो. "तापलाय, बाबा," असं खोटंच सांगून टाकलं. त्याची रुखरुख अजून आहे.

त्या साथीनं काढून घेतलं तसं काही दिलंही, हे मान्य करायला हवं. हिवाळ्यात ही बाग बघण्यासारखी असते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. नोव्हेंबर 2021 मध्ये 'नाइट फॉर्म्स' हा रात्रीचा उपक्रम सुरू झाला. फिलाडेल्फियाच्या क्लिप कलेक्टिव्ह या गटानं झाडांवर आणि शिल्पांवर प्रकाशाचे खेळ रचले, सोबत संगीत. कडाक्याच्या थंडीत, कानटोप्या घालून आम्ही अंधारात चालत होतो, आणि नेहमी पाहिलेला दगड निळा होऊन श्वास घेतोय असं वाटत होतं. उघड्यावर हिवाळाभर लोकांना बोलवायचं धाडस महामारीशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही. पुढच्या हिवाळ्यातही तो खेळ रंगला.

वेळेचं तिकीट मात्र साथ ओसरल्यावरही राहिलं. मला ते पुरतं पटलेलं नाही. गर्दी कमी होते, गाडी लावायला जागा मिळते, शिल्पासमोर निवांत उभं राहता येतं, हे सगळं खरं. पण पोहे खाताना "चला" म्हणण्यातली गंमत गेली. शिवाय फोनवर तिकीट काढता न येणारा म्हातारा माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

2023 मध्ये बाबा आले. वय 81. अकराचं तिकीट होतं आणि ते आठलाच बूट घालून बसले होते. बाकावर त्या माणसाशेजारी टेकले, त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि मला म्हणाले, "आता तू लाव." मी लावला. ऊन वर आलं होतं, धातू कोमट होता. बराच वेळ आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

तुमचे आई-वडील न्यू जर्सीत येणार असतील तर नायगाऱ्याच्या यादीत हे गाव जोडा. तिकीट आधी काढा, आणि शक्यतो सकाळचं घ्या. दुपारी ब्राँझ फार तापतं.