ऊन खाणारी आजी

हिंगणघाटच्या एका शाळेत, आठवीच्या इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘सनबेदिंग’ आलं आणि अख्ख्या वर्गाने ते ‘सनबाथिंग’ वाचलं. चूक समजण्यासारखी होती. ‘बाथ’ हे नाम, ‘बेद’ हे क्रियापद; हा शब्द क्रियापदाच्या घरातला. सरांनी अर्थ सांगितला, सूर्यस्नान करणे. वर्गातल्या एका पोराने तो घरी जाऊन आजीला ऐकवला. उन्हाला पाठ देऊन तुरी पाखडत बसलेल्या आजीने सूप थांबवलं. “काहून बाप्पा, ऊन का पानी होय, आंघोळ कराले?”

तिच्या भाषेत ऊन खायचं असतं. हवा खातात, मार खातात, बोलणी खातात, तसंच पौषातलं ऊन.

पुढे कॉलेजात त्या पोराला ‘सनबेदिंग’ या रूपाची खरी गंमत कळली. ‘आजी ऊन खात होती’ आणि ‘ऊन खाणं आजीला आवडतं’, मराठीला इथे दोन रूपं लागतात. इंग्रजी दोन्हीकडे एकाच ‘सनबेदिंग’वर भागवते. त्याच्याआधी ‘गो’ लावलं, की पोहायला किंवा खरेदीला जावं तसा तो खास ठरवून करायचा बेत होतो. कळंगुटच्या वाळूवर पालथे पडलेले परदेशी पाहुणे त्याने पाहिले, तेव्हा हा ‘गो’ त्याला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर समजला. आजी अशी कधी कुठे गेली नाही. तुरी पाखडताना, नातवाला तेल चोळताना, ऊन आपसूक खाल्लं जायचं.

‘सूर्यस्नान’ हा शब्द मात्र हिंगणघाटच्या वर्धा जिल्ह्याला परका नाही. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, ते निसर्गोपचाराचं वेड सोबत घेऊनच. पुढे आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात माती-पाण्याच्या पंगतीला उन्हालाही पाट मांडला आहे.

तो पोरगा आता साठी ओलांडून गेला आहे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व कमी असल्याचं सांगितल्यापासून हिवाळ्यात सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. बायको विचारते, काय चाललंय? तो रुबाबात म्हणतो, “सनबेदिंग.” उच्चार अगदी अचूक.

हे सगळं फार तर होळीपर्यंत. मग तपन सुरू होते, मे महिन्यात पारा 45च्या वर चढतो आणि क्रियापदच बदलतं. तेव्हा इथे कुणी ऊन खात नाही, ऊन लागतं. वैशाखात हिंगणघाटला, वणा नदीच्या काठी यायचं असेल, तर बेत कोणताही करा. डोक्याला दुपट्टा तेवढा बांधून या.