टोपली वीण

९ नोव्हेंबर

बाळंतविड्याची कामं मावशीने वाटून दिली. कुंच्या आणि टोपडी तिच्याकडे, झबली आईकडे, दुपटं माझ्याकडे. वहिनीला सातवा महिना लागलाय, म्हणजे हातात अडीच महिने आहेत. "साध्या खांबांचं नको हं, टोपली वीण घाल," मावशीने बजावलं. "उठावाचं काम हाताला भरतं." क्रोशातलं साखळी, मुका खांब, खांब एवढं मला शाळेपासून येतं. कापडावर उठाव आणायचं काम कधी केलेलं नाही, म्हणून हे पान उघडलं.

संध्याकाळी रविवार पेठेत जाऊन चार पदरी बेबी लोकर घेतली, फिकट पिस्ता रंगाची. उठावाच्या कामाला रंग फिकटच हवा. या विणीचं सगळं सौंदर्य सावलीत असतं आणि गडद निळ्यावर किंवा काळ्यावर सावली दिसत नाही. दुकानदाराने न सांगता सगळ्या गुंड्यांच्या पट्ट्यांवरचा लॉट नंबर जुळवून दिला. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही छटेचा फरक असतो. दुकानातल्या दिव्याखाली तो कळत नाही, दुपट्याच्या मधोमध पट्टा होऊन उमटतो.

१२ नोव्हेंबर

आज मावशीकडे बसले. साधा खांब कसा घालतो? सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या ओळीतल्या टाक्याच्या डोक्यात घालून दोरा बाहेर काढायचा. सुईवर तीन फेरे होतात. दोनांतून दोरा काढायचा, पुन्हा दोनांतून काढायचा, झाला खांब.

टोपली विणीतही हेच करायचं. वेढाही तोच, फेरेही तेच. फक्त सुई डोक्यात घालायची नाही. खालच्या ओळीतल्या खांबाच्या उजवीकडून ती मागे न्यायची, खांबाच्या पाठीमागून फिरवून डावीकडे पुढे आणायची आणि दोरा घ्यायचा. नवा खांब जुन्याच्या कमरेला धरून उभा राहतो आणि सगळा उभा दांडा आपल्याकडे उचलला जातो. हा पुढून घेतलेला खांब. सुई मागच्या बाजूने पुढे आणून, खांबासमोरून फिरवून पुन्हा मागे नेली, की तोच खांब मागे ढकलला जातो. हा मागून घेतलेला खांब. पुढून चार, मागून चार आणि काही ओळींनी त्यांची अदलाबदल, म्हणजे चौकटी पडतात. एवढ्यावर सगळी वीण उभी आहे. पहिली ओळ मात्र साध्या खांबांचीच घालावी लागते. साखळीला कमरच नाही, सुई फिरवणार कशाभोवती?

मला याचं फार नवल वाटलं. उठाव येतो म्हणजे काहीतरी अवघड, वेगळा टाका असणार, असं धरून चालले होते. टाका तोच आहे, सुई शिरायची जागा बदलली. नंतर मावशीने वॉफल वीण दाखवली, दोरीसारखी पीळ घेणारी केबल दाखवली. दोन्हींत हाच खांब आणि हीच कमर.

१५ नोव्हेंबर

ओळ संपली की काम उलटं फिरवतो. पुढून घेतलेले चार खांब आता मागे गेलेले दिसतात आणि मागून घेतलेले पुढे येतात. मग आपण सुलट बाजूला आहोत की उलट, हे मनात धरून बसायचं का?

मावशी म्हणाली, "कापडाकडे बघ ना. पुढे आलेला दिसतोय? पुढूनच घे. मागे गेलाय? मागून घे. चौकट बदलायची असेल त्याच ओळीला उलट कर." एवढंच. टाके आठच्या पटीत असले तर चौकट चालू असेपर्यंत प्रत्येक ओळ सारखीच निघते, पुढून चार, मागून चार. तोंडपाठ म्हणत विणता येईल. पण मधे दाराची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, की म्हणणं तुटतं. बघत विणणाऱ्याला कुठूनही उचलता येतं.

१८ नोव्हेंबर

मैत्रिणीने एक जपानी विणकामाचं पुस्तक दिलं. एक अक्षर कळत नाही, तरी त्यातून विणता येतं, कारण जपानी पुस्तकांत नमुना चिन्हांनी काढलेला असतो आणि चिन्हं ठरलेली असतात. साखळीला लंबगोल, खांबाला इंग्रजी टीच्या दांड्यावर एक तिरपी रेघ. पुढून किंवा मागून घ्यायचा खांब असेल तर दांड्याच्या तळाशी आकडा काढतात, तो कुठल्या बाजूला वळलाय त्यावरून पुढचा की मागचा ते कळतं. एक गोष्ट ध्यानात ठेवायची. चित्र कापडाच्या सुलट बाजूचं असतं. उलट बाजूची ओळ विणताना चित्रात पुढचा खांब दिसला तर आपण मागून घ्यायचा. मावशी जे "कापडाकडे बघ" म्हणते, तेच इथे कागदावर काढलंय.

२३ नोव्हेंबर

नमुना विणला. साडेतीन मिलिमीटरची सुई, २४ टाके. साध्या खांबांचा तुकडा साडेपाच इंच भरतो, टोपली विणीचा पाच इंचांच्या आत. पुढे-मागे जाणारे खांब कापडाची रुंदी खातात आणि उंचीही. साध्या विणीच्या हिशेबाने साखळी घातली तर दुपट्याचा रुमाल व्हायचा. इंचाला पाच टाके धरून ३० इंचांना १५० होतात, आठच्या पटीत १५२. दोन्ही कडांना एकेक साधा खांब वेगळा, म्हणजे कड सरळ राहते. लोकरही साध्या कामाच्या सव्वा ते दीडपट धरावी.

नमुन्याचा एक कोपरा मुद्दाम गरम इस्त्रीखाली घातला. ॲक्रिलिकची लोकर उष्णतेने मऊ पडते आणि दबली की तशीच राहते. तो कोपरा सपाट, लुळा झाला, धुतल्यावरही उठला नाही. वहिनीला सांगून ठेवायला हवं: धुवा, हाताने ओढून आकार द्या, सपाट वाळत घाला, इस्त्री नको.

३० नोव्हेंबर

विणता विणता वाटतं, हे उठावाचं वेड आलं कुठून? आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि १८४९ पर्यंत दुष्काळाने माणसं मेली, देश सोडून गेली. त्या काळात तिथल्या मठांतल्या नन्सनी गावच्या बायकांना आणि मुलींना क्रोशा शिकवला. लेस विकून घरात धान्य येऊ लागलं. आयरिश क्रोशातली गुलाबं आणि पानं सपाट नसतात. जाड दोरा आत ठेवून त्याच्यावरून टाके घालतात, म्हणून पाकळी फुगून वर येते. फुलं सुटी विणायची आणि नंतर साखळ्यांच्या जाळीने जोडायची. त्यामुळे एका कॉलरची फुलं वेगवेगळ्या घरांतल्या बायकांनाही विणता येत.

आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला हीच कला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आली आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या गावागावांत रुजली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. त्या बायका परदेशच्या बाजारासाठी लेस विणत होत्या आणि त्यांची नोंद गृहिणी अशीच होत होती. काम हे फावल्या वेळचं मानलं, की त्याची मजुरीही फावल्या वेळचीच मिळते. हे वाचून सुई बाजूला ठेवून बसून राहिले. रुखवतात मांडलेल्या तोरणांकडे आणि रुमालांकडे आपण असंच बघतो. "वेळ बरा मिळतो हो तुम्हाला!" हे वाक्य मी स्वतः किती घरांत ऐकलंय.

१४ डिसेंबर

निम्मं दुपटं झालं. आता बोटांना सवय झाली. सुई खांबामागे शिरली की डाव्या हाताचं मधलं बोट आपोआप तो खांब पुढे ढकलतं. रात्री दिवा वरून न घेता बाजूने घेते. तिरप्या उजेडात चौकटी उभ्या राहतात, एखादा खांब मागे-पुढे असला तर तिथल्या तिथे दिसतो.

या विणीला उलट बाजू म्हणून नाही. इकडे जी चौकट पुढे, ती तिकडे मागे, बाकी दोन्हीकडे तोच पट. पांघरुणाला यासारखी वीण नाही, कसंही टाकलं तरी चांगलंच दिसतं. भोकंही पडत नाहीत. जाळीची दुपटी दिसायला गोड असतात, पण जाळीत तान्ह्याची बोटं अडकतात. बाळाच्या कामाला मी टोपली वीणच सांगेन.

११ जानेवारी

काल शेवटची ओळ घातली. चारी बाजूंनी मुक्या खांबांची कड केली, दोऱ्यांची टोकं टाक्यांच्या आत दूरवर ओवून टाकली. झालर आणि गोंडे लावले नाहीत. वहिनीला देताना सांगितलं, मांडीवर घेताना, बाहेर नेताना पांघर, झोपलेल्या बाळाच्या अंगावर सुटं ठेवू नको, तोंडावर येतं. तिने दुपटं उलटंपालटं करून पाहिलं, चौकटींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, मला शिकवाल?" बाळंतपणानंतर बसायचं ठरलंय.

एका ओळीत १५२ खांब, अशा ९६ ओळी, म्हणजे १४,५९२ खांब, कडा सोडून. एका खांबाला सहा सेकंद धरले तरी २४ तासांवर जातात. खराखुरा क्रोशा यंत्रावर विणला जात नाही. जत्रेत, प्रदर्शनात, बचत गटाच्या टेबलावर खरा क्रोशा दिसला तर तो कुणीतरी हातानेच विणलेला असतो. तेव्हा भाव विचारण्याआधी वस्तू हातात घ्या, एका इंचात किती खांब आहेत ते मोजा, मग सांगितलेली किंमत द्या. त्यात घासाघीस करू नका.