माग मोडला, ध्वज घडला

सोलापूर स्टेशनवर उतरून शहरात शिरलो की चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आमचे पाय थांबतातच. 1930 साली येथील नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. ध्वजाचे मोल या शहराला शिकवावे लागत नाही.

पुढे पूर्व भागात विणकरांची वस्ती लागते. यंत्रमाग आले तसे हातमाग मोडत गेले. त्यांचे जुने लाकूड जळणात घालण्यापेक्षा त्याचा पंचशील ध्वज करावा, असे आम्ही सुचवतो.

12 इंच लांब, 3 इंच रुंद अशा सहा पट्ट्या कापाव्यात. काचपेपरने कुसळे तेवढी काढावीत. खिळ्यांची भोके, झिजेच्या खुणा राहू द्याव्यात. पाच उभ्या पट्ट्यांना ओळीने निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असा पातळ रंग द्यावा, म्हणजे लाकडाच्या रेषा दिसतात. सहाव्या पट्टीवर हेच पाच रंग वरून खाली समान भागांत द्यावेत. वाळल्यावर मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात.

हा ध्वज 1885 साली श्रीलंकेत प्रथम लागला. 1950 साली जगभरच्या बौद्धांच्या परिषदेने तो स्वीकारला. कापडी ध्वज उन्हापावसात विरतो, लाकडी ध्वज घरात वर्षानुवर्षे टिकतो. ज्या लाकडावर एका पिढीचे पोट चालले, त्यावर रंग देताना मुलांना ती कष्टाची गोष्टही जरूर सांगावी.